विझर्डच्या बुद्धीचा हिशोब: प्लेअर्स हँडबुक (२०१४)

डन्जन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून गोष्ट रंगवायच्या खेळात विझर्ड, म्हणजे जादूगार, खेळायचा असेल तर पाचव्या आवृत्तीचं २०१४ चं प्लेअर्स हँडबुक हे नियमांचं पुस्तक घ्याच, असं मी जळगावातल्या आमच्या सगळ्या खेळणाऱ्यांना सांगतो. इंटेलिजन्सचा, म्हणजे बुद्धीचा, आकडा मंत्रांत कुठे लागू करायचा आणि कुठे नाही, हे या पुस्तकात फार विचाराने ठरवलंय.

इंटेलिजन्स १६ असेल तर मॉडिफायर, म्हणजे त्या आकड्यावरून मिळणारी भर, +३. मंत्रातून वाचायला शत्रूला जो आकडा गाठावा लागतो तो म्हणजे ८, त्यात प्रॉफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे वाढणारी भर) आणि हा मॉडिफायर. पहिल्या लेव्हलला ८+२+३, झाले १३.

थंडीत शेतावर भरीत पार्टी असली की आम्ही फासेही सोबत नेतो. तिथे भाच्याने खेळातल्या गोब्लिन नावाच्या शत्रूवर बर्निंग हँड्स हा आगीचा मंत्र टाकला, की बाकीचे ओरडतात, "काय भो, जळाला का नाही?" गोब्लिनचा डेक्स्टेरिटी (चपळाई) मॉडिफायर +२, तो फाशात मिळवायचा, म्हणजे १३ गाठायला त्याला वीस बाजूंच्या फाशावर किमान ११ हवेत. निम्म्या वेळा तो सापडतो. विझर्डची बुद्धी १० असती तर गोब्लिनला ८ पुरले असते, आणि तो सापडायची शक्यता ३५ टक्क्यांवर आली असती. आग मात्र दोघांचीही सारखीच: सहा बाजूंचे तीन फासे, आणि वाचला तरी निम्मी झळ बसतेच. हुशार जादूगाराचा जाळ मोठा नसतो, त्याचा नेम चुकवणं अवघड असतं. मला हे फार आवडतं.

मॅजिक मिसाइल तर चुकतच नाही, आणि झोपवणाऱ्या स्लीपमधून फासा टाकून सुटता येत नाही. कमी बुद्धीचा विझर्ड खेळायची हौस असेल तर हे दोन मंत्र धरून ठेवा.

रोज किती मंत्र तयार ठेवायचे? लेव्हल अधिक इंटेलिजन्स मॉडिफायर. बुद्धीची खरी श्रीमंती इथे कळते. स्लॉट, म्हणजे दिवसात किती वेळा मंत्र टाकता येतात तो आकडा, वाढत नाहीत, पण वेळेला हवा तो मंत्र हाताशी असतो. तिसऱ्या आवृत्तीत जास्त बुद्धीला जादा स्लॉट मिळायचे, आणि १० अधिक मंत्राची लेव्हल इतकी बुद्धी नसेल तर तो मंत्र टाकताच यायचा नाही. नव्या पोरांना ते जड जातं. २०२४ च्या पुस्तकात तयार मंत्रांची संख्या थेट तक्त्यात ठरवून दिली आहे, त्यात बुद्धीचा संबंधच उरला नाही. मला ते अजिबात पटलेलं नाही.

तक्रार मांडणीची. विझर्ड तिसऱ्या प्रकरणात, मॉडिफायरचं सविस्तर सातव्यात, मंत्र टाकायचे नियम दहाव्यात, आणि अकराव्यात मंत्र इंग्रजी अकारविल्हे. नवख्याला एका वेळी तीन-चार पानांत बोटं घालून बसावं लागतं. पुस्तक आणलं की आधी हे सगळं मराठीत एका कागदावर उतरवून घ्या. आणि चौथ्या लेव्हलला गुण वाढवायची संधी आली की दोन्ही गुण इंटेलिजन्सलाच द्या, फीट, म्हणजे गुणांऐवजी घेता येणारी खास कौशल्यं, नंतर बघता येतील.