करवत घेताना: कानसता येणारी की कठीण दातांची?

हातहत्यारांचा दर्जा घसरला, ही तक्रार करवतीच्या बाबतीत निम्मीच खरी आहे. आजच्या स्वस्त करवतीचे दात जुन्या दातांपेक्षा सरस असतात. घसरण झाली आहे ती पात्यात आणि मुठीत.

या दातांची टोके उच्च वारंवारितेच्या विजेने क्षणभर तापवून कठीण केलेली असतात आणि त्यांच्यावरची काळपट निळी छटा ही त्याचीच खूण होय. प्लायवूड आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळ्या) यांतील चिकट राळ साध्या पोलादाची धार लवकर मारते, म्हणून अशा कामाला हीच करवत घ्यावी. मात्र दात कानशीच्या तोडीचे कठीण असल्यामुळे त्यांना पुन्हा धार लावता येत नाही आणि बोथट झालेली करवत भंगारातच जाते.

फिलाडेल्फियाच्या डिस्टन कारखान्याने १८७४ साली आणलेल्या डी-८ सारख्या करवतींचे पाते दातांकडून पाठीकडे पातळ होत जाई. त्यामुळे पाते चिरेत अडकू नये म्हणून दात दोन्ही बाजूंना फारसे वाकवावे लागत नसत, चीर अरुंद पडे आणि हाताला जोरही कमी लागे. आजची स्वस्त करवत सरसकट एकाच जाडीच्या पत्र्यातून कापलेली असते, म्हणून दात अधिक फाकवावे लागतात. जुनी लाकडी मूठ सैल झाली तर पितळी स्क्रू आवळले की काम भागे. प्लास्टिकची मूठ पुष्कळदा पात्यावर कायमची बसवलेली असते. (मुठीच्या कडेने ४५ आणि ९० अंशांच्या रेघा आखण्याची सोय झाली खरी, पण तळव्याची सोय बहुधा तेव्हाच मागे पडली.)

सागवानाचे किंवा अन्य भरीव लाकडाचे काम नेहमीचे असेल, तर कानसता येणारी करवतच परवडते. सागातील सिलिका तिचीही धार घालवते, पण ती घरच्या घरी परत आणता येते. जपानी ओढकरवत अतिशय पातळ चीर पाडते, परंतु तिचे पातेही बहुधा बदलण्याच्याच जातीचे असते.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात जुनी करवत मिळाली, तर दातांच्या रेषेवरून नजर टाकून पाते सरळ आहे का ते पाहावे. दातांजवळ गंजाचे खोल खड्डे असतील, तर ती घेऊ नये. विक्रेत्याची हरकत नसेल, तर मुठीजवळच्या एखाद्या दातावर त्रिकोणी कानस हलकेच फिरवावी. कानस पकड न घेता घसरली, तर तो दात कठीण केलेला आहे असे समजावे.