तुरटी की बाभळीची साल?

केसांसकट बोकडाचं कातडं घरी कमवायला, म्हणजे ते कुजू नये, टिकावं म्हणून प्रक्रिया करायला, शिकायचं म्हटलं की बहुतेकांची गाडी याच दोन नावांवर येऊन थांबते. मी दोन्ही वापरलंय, आणि तुरटीशी माझं तसं वैर नाही. मीठ-तुरटी कुठल्याही वाण्याकडे मिळते, काम लवकर उरकतं, पांढरे केस पांढरेच राहतात. साल सबुरी मागते. आधी सालीच्या पातळ काढ्यात कातडं ठेवायचं, मग हळूहळू दाट काढ्यात, असं करत महिना-दीड महिना सहज जातो आणि केसांवर तपकिरी झाक चढते. लोखंडाचा स्पर्श झाला तर काळे डाग पडतात, म्हणून पिंप प्लॅस्टिकचंच हवं.

तरी माझा कौल फिरवला तो कोकणातल्या पावसाने. तुरटीचं कातडं भिजलं की तुरटी धुऊन निघते, हे तर आहेच. पण न भिजताही जूनमध्ये त्यातलं मीठ हवेतला ओलावा ओढायला लागतं. केसांकडून कोरडं वाटतं, मागून हात लावावा तर चिकट. श्रावणात ऊन पडलं की तेच पापडासारखं कडक. मग पुन्हा फळीच्या कडेवर घासा, अंड्याचा बलक चोळा. दरवर्षी हेच. सालीचं कातडं भिजतं, सुकतं, थोडं तेल दिलं की झालं. बुरशी त्यालाही येते, मान्य. पण ती पुसता येते. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभूळ-हिरड्यावर कमावतात ते उगाच नाही. साल आतपर्यंत मुरली का, हे कडेचा तुकडा कापून बघावं. मधे पांढरी रेघ दिसली तर अजून वेळ आहे.

कातडं मात्र खाटकाकडचंच घ्या, आणि चिठ्ठी मागून घ्या. रस्त्यात मेलेला रानससा किंवा कोल्हा बघून हात शिवशिवतात, पण वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या कलम 39 प्रमाणे मेलेला सापडलेला वन्यप्राणीही सरकारचाच. ताब्यात आलाच तर 48 तासांत पोलीस ठाण्यात किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. आजोबांच्या देवघरातलं मृगाजिन मऊ करायला काढणार असाल, तर आधी त्याचा मालकीचा दाखला शोधा.

देशावरच्या कोरड्या हवेत, हौस म्हणून एकदाच करून बघायचं असेल तर तुरटी वापरा, माझी हरकत नाही. पण पाऊस काढायचा असेल तर साल आत्ताच भिजत घाला.