आरएक्स १००च्या पोर्टिंगसाठी कार्बाइड बरचा सेट

यामाहा आरएक्स १००चा सिलिंडर घरी पोर्ट करायला, म्हणजे त्यातल्या वायूंच्या वाटा कोरून मोठ्या करायला, ६ मिमी शँकचा (दांड्याचा) डबल कट (एकमेकांना छेदणाऱ्या दातांचा) बर सेट चांगला. बर म्हणजे धातू कोरणारे फिरते टोक. ते फिरवणाऱ्या डाय ग्राइंडरचा कॉलेटही (दांडा पकडणारा भागही) ६चाच हवा. कामाचे आकार दोनच, बॉल आणि गोल टोकाचा दंडगोल. लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) बिडावर बर झकास चालतो. अॅल्युमिनियमवर मात्र बरचे दात किसाने भरतात, तिथे मेण लावत राहा. एक्झॉस्ट पोर्ट (धूर बाहेर जायची वाट) ३३ मिमीपेक्षा रुंद नको: बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ५०चाच, पिस्टनची रिंग पोर्टात फुगून अडकते. पोर्टच्या कडांना चॅम्फर (तिरका उतार) हवाच, नाहीतर रिंग तुटलीच समजा! या पोर्टची उंची वाढवली की कमी वेगावरचा टॉर्क (ओढ) जातो. नवी पेठेतल्या गर्दीत चालवायच्या गाडीला ती वाढवूच नका. सोलापूरच्या मे महिन्यात ग्राइंडर लवकर तापतो, मधूनमधून थांबा.