घरी ओव्हरक्लॉक पीसी बनवायचाय: १४६००के घेऊ की ९६००एक्स?

थेट मुद्द्यावर येतो. मध्यम बजेटमध्ये स्वतः असेंबल करायचंय आणि ओव्हरक्लॉकची (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त स्पीडला पळवायची) पण हौस आहे, तर फिरून फिरून गाडी या दोन प्रोसेसर-मदरबोर्ड जोड्यांवरच येते: इंटेलचा आय-५ १४६००के सोबत झेड७९० बोर्ड, नाहीतर एएमडीचा रायझन ५ ९६००एक्स सोबत बी६५० बोर्ड. माझं मत आधीच सांगतो, एसी नसलेल्या खोलीत पीसी ठेवणार असाल, त्यात विदर्भ मराठवाडा खान्देशात राहत असाल तर रायझन घ्या. थ्रीडी रेंडरिंग, व्हिडिओ एन्कोडिंग असलं रोजचं काम असेल आणि खोली गार राहत असेल तर इंटेल. आता का ते सांगतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करा, ओव्हरक्लॉक म्हणजे फुकटात मोठा प्रोसेसर मिळवणं हे दिवस गेले. १९९८ च्या सेलेरॉन ३००ए मध्ये बस स्पीड ६६ चा १०० केला की ३०० मेगाहर्ट्झचा थेट ४५० व्हायचा, २०११ च्या आय-५ २५००के ला लोक ३.३ वरून आरामात ४.५ गिगाहर्ट्झला न्यायचे. आता कंपनीच तो रस पिळून देते, १४६००के डब्यातूनच ५.३ पर्यंत बूस्ट घेतो आणि ९६००एक्स ५.४ पर्यंत, वर उरतात ते थोडेसे मेगाहर्ट्झ आणि त्यासाठी व्होल्टेज एवढं वाढवावं लागतं की ते कूलरलाही झेपत नाही. म्हणून आजचा खरा ओव्हरक्लॉक म्हणजे व्होल्टेज कमी करून तेवढाच स्पीड टिकवणं, आणि रॅम नीट ट्यून करणं. पार्ट निवडतानाही हेच डोक्यात ठेवा.

आता उष्णतेचं, कारण आपल्याकडे सगळं इथेच अडतं. १४६००के पूर्ण लोडवर कंपनीच्याच आकड्यानुसार १८१ वॉटपर्यंत खातो, ९६००एक्स डिफॉल्टला ८८ वॉटवर थांबतो. हा फरक ९३ वॉटचा, रोज पाच तास पूर्ण लोड धरला तर महिन्याला साधारण १४ युनिट. (गेम खेळताना दोघेही एवढे खात नाहीत हे खरं.) पण बिलापेक्षा मोठा प्रॉब्लेम हा की ते सगळे वॉट उष्णता होऊन तुमच्याच खोलीत येतात. आणि रिव्ह्यू बघताना खोलीचं तापमान किती होतं ते बघा, बहुतेकांचं २०-२२ च्या आसपास असतं. समजा तिथे कूलरने प्रोसेसर ८० डिग्रीवर धरला, म्हणजे खोलीपेक्षा ६० वर, तोच कूलर चंद्रपूरला मे महिन्यात ४० डिग्रीच्या खोलीत लावला तर हिशोब थेट १०० वर जातो आणि १४६००के ची लिमिट १०० च आहे, तिथून तो स्वतःच स्पीड पाडतो. म्हणजे पैसे ओव्हरक्लॉकचे भरले आणि उन्हाळाभर कंपनीच्या मूळ स्पीडपेक्षाही कमी स्पीडने चालवला असं होतं. लिक्विड कूलर लावला म्हणून हे सुटत नाही, तोसुद्धा खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही.

त्यामुळे कूलरचा खर्च प्रोसेसरच्या किमतीत धरूनच तुलना करा. दोघांच्याही डब्यात कूलर येत नाही. ९६००एक्स ला चांगला सिंगल टॉवर एअर कूलर पुरतो, १४६००के ला डबल टॉवर किंवा २४० एमएमचा लिक्विड तरी हवाच, ओव्हरक्लॉक करायचा तर ३६०. मी स्वतः एअरच्या बाजूचा आहे, कारण त्यात खराब झाला तर फॅन होतो आणि तो गल्लीतल्या दुकानातही मिळतो, पंप बसला तर अख्खा कूलर जातो.

बोर्डाच्या बाबतीत रायझनचं पारडं सरळ जड आहे. इंटेलमध्ये मल्टिप्लायर (प्रोसेसरचा स्पीड ठरवणारा गुणक) हलवायचा तर 'के' वाला प्रोसेसर पाहिजे आणि बोर्डही झेडच पाहिजे, बी७६० वर फक्त रॅमचा स्पीड वाढतो. एएमडीमध्ये बी६५० वर सगळं चालतं, फक्त ए६२० घेऊ नका, त्यावर प्रोसेसर ओव्हरक्लॉक बंद असतो. दोन्हीकडे व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डाचा भाग) नीट हीटसिंक आहे ना ते बघा, आरजीबी लाइटिंग किती आहे ते नको. आणि बी६५० बोर्ड २०२२ चा जुना स्टॉक असेल तर ९६००एक्स बसवल्यावर डिस्प्लेच येणार नाही, बायोस (बोर्डाचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट लागतं, म्हणून फ्लॅशबॅकचं (प्रोसेसर चालत नसतानाही बायोस अपडेट करायचं) बटण असलेलाच बोर्ड घ्या, नाहीतर दुकानदाराकडूनच अपडेट करून घ्या.

पुढच्या अपग्रेडचं म्हणाल तर इंटेलचं एलजीए १७०० सॉकेट (प्रोसेसर बसतो ती बोर्डावरची जागा) संपलं, पुढचे कोअर अल्ट्रा वेगळ्या सॉकेटचे आहेत. रायझनच्या एएम५ सॉकेटला एएमडीने २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देऊ म्हटलंय, म्हणजे आज ९६००एक्स आणि पुढे कधीतरी त्याच बोर्डावर ९८००एक्स३डी, हे जमतं. आधीच्या एएम४ सॉकेटच्या वेळी २०१७ च्या बऱ्याच बोर्डांवर बायोस अपडेट करून २०२२ चा ५८००एक्स३डी चालला होता, तेव्हा हे नुसतं आश्वासन नाहीये.

इंटेलच्या बाजूने दोन गोष्टी मनापासून सांगतो. एक, १४ कोअर आणि २० थ्रेड विरुद्ध ६ कोअर १२ थ्रेड, रेंडरिंगमध्ये ९६००एक्स कितीही ट्यून करा तो तिथे पोचणार नाही. दोन, एलजीए १७०० साठी डीडीआर-४ चे बोर्डही मिळतात, २०२५ च्या शेवटी रॅमचे भाव जे भडकले ते बघता जुनी ३२ जीबी डीडीआर-४ पडून असेल तर हा फार मोठा फायदा आहे, एएम५ वर डीडीआर-५ शिवाय पर्यायच नाही. आणि एक गोष्ट विरुद्ध: १३व्या-१४व्या जनरेशनला जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर कायमचे अस्थिर होण्याचा त्रास झाला होता, इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला कोड, बायोसमधून येतो) अपडेट दिले, त्यातला महत्त्वाचा ०एक्स१२बी, मग २०२५ मध्ये ०एक्स१२एफ, आणि बॉक्सवाल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवून पाच केली. म्हणून ट्रे पीस (बॉक्सशिवाय सुटा विकतात तो) स्वस्त मिळतोय म्हणून घेऊ नका, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर ऑनलाइन घ्या, सीलबंद बॉक्स आणि जीएसटीचं पक्कं बिल. विंडोज टाकायच्या आधी बायोस अपडेट.

रॅम घेताना एएम५ साठी १६-१६ च्या दोन स्टिक, ६००० स्पीड, सीएल३० (रॅमचा उशीर, आकडा कमी तितका चांगला), एक्स्पो प्रोफाइलवाली (बायोसमध्ये एका सेटिंगने तो स्पीड लागतो). चार स्टिक लावू नका, मेमरी कंट्रोलरवर ताण येऊन स्पीड खूप खाली येतो. पहिल्यांदा चालू केल्यावर मेमरी ट्रेनिंगमुळे काही मिनिटं स्क्रीन काळाच राहतो, घाबरून पॉवर काढू नका.

एसएमपीएसवर (पॉवर सप्लाय) काटकसर नको. ८० प्लस गोल्ड म्हणजे वीज कमी वाया जाते एवढंच, आतलं प्रोटेक्शन चांगलं आहे याची ती खात्री नाही, तेव्हा त्या मॉडेलचा वेगळा रिव्ह्यू वाचा. मधल्या रेंजचं ग्राफिक कार्ड धरून रायझनला ६५०, इंटेलला ७५० वॉट. आणि लाइट जाते त्या भागात राहत असाल तर यूपीएस किंवा इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचाच बघा, स्क्वेअर वेव्हवर काही चांगले एसएमपीएस लाइट गेल्या क्षणी बंद पडतात आणि मग यूपीएस असून नसल्यासारखा.

सेटिंगचं थोडक्यात: रायझनला पीबीओ (एएमडीचा स्वतःच ओव्हरक्लॉक करणारा मोड) चालू, कर्व्ह ऑप्टिमायझर (कोअरचं व्होल्टेज कमी करायचं सेटिंग) सगळ्या कोअरला मायनस १५ पासून सुरू करून हळूहळू खाली. जास्त पॉवर हवी तर बायोसमधला १०५ वॉटचा मोड वापरा, तो वॉरंटीत बसतो, पीबीओ बसत नाही. इंटेलला आधी व्होल्टेज ऑफसेट थोडा मायनस, मल्टिप्लायर नंतर. टेस्ट करताना नुसता सिनेबेंच (फुल लोडची टेस्ट) पास झाला म्हणून थांबू नका, कर्व्ह ऑप्टिमायझर जास्त खाली गेला असेल तर पीसी लोडवर नाही, तर रिकामा बसलेला असताना किंवा ब्राउझर चालू असताना रीस्टार्ट होतो, म्हणून कोअरसायकलर या टूलने एकेक कोअर वेगळा तपासा, रॅमसाठी रात्रभर मेमटेस्ट लावा, आणि जमलं तर हे सगळं भर दुपारी पुन्हा एकदा करा.