लग्नाचा बस्ता: माल चोख, वागणूक उणी

लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला येणे ही खानापूर, चंदगड, निपाणी या भागांतील मराठी घरांची जुनी रीत आहे. चोर्ला घाटाने येणारी गोव्यातील कुटुंबेही खडेबाजार आणि गणपत गल्लीच्या परिसरात लग्नसराईत हमखास भेटतात. त्याच परिसरातील एका मोठ्या, तीन मजली कापड दुकानात पुतणीच्या लग्नाचा बस्ता आम्ही नुकताच बांधला. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण येथे जे लिहीत आहे ते त्या बाजारातील आणखीही काही दुकानांना लागू पडेल आणि एकालाच दोष देणे अन्यायाचे होईल.

आधी मालाविषयी, कारण त्यात खोट काढायला जागा नाही. शालू, पैठणी, आहेराच्या साड्या, धोतरजोड्या आणि फेटे असे सगळे एका छताखाली मिळते. दर पाटीवर लिहिलेले असतात आणि घासाघीस होत नसल्यामुळे गावाकडच्या माणसाला फसवणुकीची धास्ती राहत नाही. इरकलींचा विभाग तर मन लावून पाहावा असा आहे. शहापूर, वडगाव, खासबाग या भागांत मागाचा आवाज ऐकतच वाढलेल्या ग्राहकाला साडी नुसती दिसायला चांगली असून भागत नाही, हे दुकानासाठी माल खरेदी करणाऱ्याने ओळखलेले दिसते. मानपानाच्या साड्यांमध्ये कृत्रिम धाग्याचा माल जास्त आहे, पण तो तसा सांगूनच विकला जातो. काठांचे रंगही नीट जुळवलेले असतात.

उणीव आहे ती वागणुकीत, आणि बस्त्याच्या खरेदीत ती मालाइतकीच मोलाची असते. बस्ता म्हणजे दोन घरांतील थोरामोठ्यांना सोबत घेऊन केलेली खरेदी असते. वरमाईची साडी कोणी पसंत करायची, मामाकडचा मान कोणता, आजीला काय आवडेल हे सगळे दुकानातच ठरते, त्यामुळे तेथे एखाद्याचा अपमान झाला तर तो लग्नघरापर्यंत जातो. पूर्वी गादीवर बैठक असे. पाण्याचा तांब्या आणि चहा आधी येई, साड्या नंतर उलगडत. आता तळमजल्यावर काचेचे काउंटर आहेत, ग्राहक उभा असतो, आणि दहा-बारा माणसांच्या कुटुंबाला तीन-चार खुर्च्या मिळाल्या तरी नशीब म्हणायचे.

आमच्यासोबत खानापूर तालुक्यातील आत्याबाई होत्या. नेहमी नऊवारी नेसणाऱ्या या बाईंना कापडाची जाण आमच्यापेक्षा जास्त. काउंटरवर पडलेल्या इरकलीचा पदर त्यांनी दोन बोटांत धरून चोळून पाहिला. त्यावर पंचविशीतला सेल्समन म्हणाला, “घ्यायचं असलं तर काढतो आजी, नुसतं हात लावून मळवू नका.” आणि त्याने पदर ओढून घेतला. आत्याबाई “असूंदे बाळा” एवढेच बोलल्या. त्यानंतर समोर आलेल्या एकाही साडीला त्यांनी हात लावला नाही, दोन्ही हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या पाहत राहिल्या. त्याच वेळी पलीकडच्या काउंटरवर गाडीच्या किल्ल्या फिरवीत आलेल्या मंडळींपुढे शालूंचा ढीग उलगडला जात होता. कपड्यांवरून ग्राहकाची ऐपत जोखणे व्यापारातही चुकीचे ठरते, कारण त्या दिवशीच्या आमच्या खरेदीचे पैसे आत्याबाईंच्याच पिशवीतून निघणार होते.

याच दुकानात दुसऱ्या मजल्यावर एक वयस्कर सेल्समन आहेत. त्यांच्याकडे गेल्यावर त्यांनी आधी लग्न कोणत्या गावात आहे, पाव्हणे कुठले आहेत याची चौकशी केली, आत्याबाईंना भिंतीला टेकून बसायला जागा करून दिली आणि इरकलीचा पदर उलटा करून त्यांच्या हातात दिला. साडीच्या अंगाचा ताणा, म्हणजे उभे धागे, आणि पदराचा ताणा फासे एकमेकांत अडकवून जिथे जोडलेला असतो, ती जागा त्यांनी नखाने दाखवली. लाल रेशमी पदरावरील पांढऱ्या नक्षीवर आत्याबाईंनी मनसोक्त हात फिरवला. आमच्याशी मराठीत बोलता बोलता ते शेजारच्या कुटुंबाला कन्नडमध्ये आणि गोव्याच्या बाईंना कोकणीत उत्तर देत होते. 1956 च्या राज्यपुनर्रचनेपासून या शहराने भाषेवरून पुष्कळ ताण सोसला, तरी समोरच्याच्या भाषेत चार शब्द बोलण्याची ही सवय कापडाच्या गादीवर टिकून राहिली. ती माझ्या दृष्टीने बेळगावच्या बाजाराची खरी श्रीमंती आहे, आणि तळमजल्यावरच्या तरुणांना कोणी ती शिकवीत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

सगळा दोष त्या मुलांवर टाकणे मात्र योग्य नाही. सकाळपासून रात्रीपर्यंत ती उभी असतात, विक्रीवर कमिशन असल्यामुळे न घेणाऱ्या माणसावर घालवलेला वेळ त्यांना तोट्याचा वाटतो. केरळने 2018 मध्ये आणि तमिळनाडूने 2021 मध्ये दुकानातील कामगारांना बसायची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. येथे मला काउंटरच्या मागे एकही स्टूल दिसले नाही. शिवाय उद्धटपणात ग्राहकही कमी नाहीत. एका गृहस्थांनी वडिलांच्या वयाच्या कर्मचाऱ्याला “ए, ते वरचं काढ” असे चुटकी वाजवून सांगितले. एक तरुण जोडपे साडी उलगडायला लावून तिचा फोटो काढत होते आणि ऑनलाइन हीच कितीला मिळते हे मोठ्याने वाचून दाखवत होते. कोणी मोबाइलवर स्पीकर लावून रील पाहत होते, कोणी पाहून झालेली साडी पायाशी टाकून पुढे जात होते. चाळीस घड्या मोडून एकही साडी न घेतलेल्या कुटुंबाने जाताना “येतो हं” एवढे म्हटले असते तरी त्या मुलाचा चेहरा बदलला असता.

बिलाचा अनुभव वेगळा लिहावा लागेल. घरी आल्यावर एका साडीत, आतल्या घडीवर, विणीचा दोष निघाला. दुसऱ्या दिवशी परत नेली, तेव्हा काउंटरवरच्या माणसाने मान वर न करता बिलावरच्या “विकलेला माल परत घेतला जाणार नाही” या ओळीवर बोट ठेवले. ग्राहकांनी लक्षात ठेवावे, की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल, तर 30 दिवसांची मुदत धरली जाते. एवढे शांतपणे सांगितल्यावर व्यवस्थापक आले आणि साडी बदलून मिळाली. हेच काम “बघू द्या, कुठं दोष आहे?” या एका वाक्याने पाच मिनिटांत झाले असते. तक्रार ऐकून न घेतल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा उपयोग करावा.

तेथे जाणाऱ्यांना माझे सांगणे असे, की शनिवार-रविवार टाळून आठवड्यातील एखाद्या सकाळी जावे, गाडी बाजारात न आणता दूर लावून चालत यावे, आणि सोबत वयस्कर माणसे असतील तर तळमजल्यावर न थांबता थेट दुसऱ्या मजल्यावर जावे. मालकांकडे मागणी एवढीच आहे, की तळमजल्यावर एक गादी परत घालावी, काउंटरमागे बसायला स्टुले ठेवावीत, नव्या मुलांना महिनाभर त्या वयस्कर सेल्समनच्या हाताखाली द्यावे आणि बिलावरची ती ओळ काढून टाकावी. मालासाठी मी साडेचार तारे देते, वागणुकीसाठी दोन. आत्याबाईंच्या नातवाचे लग्न पुढच्या हंगामात आहे, आणि त्याचा बस्ता कुठे बांधायचा हे अजून ठरलेले नाही.