ब्रिटनीचं पहिलं गाणं परत ऐकलं, हेडफोन लावून

ब्रिटनी स्पिअर्सचं 'बेबी वन मोअर टाइम' काल रात्री सलग सात-आठ वेळा ऐकलं. एके काळी चारचौघांत याला टुकार म्हणायचे आणि घरी मात्र सगळं पाठ होतं, आता कबूल करून टाकते.

सुरुवातीचे ते तीन सूर! धाड धाड धाड, झालं, पुढचं काही वाजायच्या आत गाणं ओळखलेलं असतं. मग तिचा तो घोगरा, घशात घासलेला आवाज. रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री मुद्दाम जागले, आवाज थकलेला यावा म्हणून, असं तिनंच सांगितलंय. वय तेव्हा फक्त १६.

शब्दांचं म्हणाल तर अर्थ शोधायच्या भानगडीत पडू नका. गाणं लिहिलं मॅक्स मार्टिननं, तो स्वीडनचा, ओळ आहे 'हिट मी बेबी वन मोअर टाइम', आणि त्याला वाटलं 'हिट मी' म्हणजे अमेरिकेतली पोरं 'फोन कर' या अर्थानं म्हणतात, ऐकणाऱ्याला मात्र 'मला मार' असंच वाटतं. टीएलसी या अमेरिकेतल्या मुलींच्या ग्रुपनं याच ओळीपायी गाणं नाकारलं, आणि रेकॉर्ड कंपनीलाही धाकधूक म्हणून नावातून ते दोन शब्द उडवून तीन टिंबं टाकली. पण 'हिट मी'च्या जागी 'कॉल मी' गाऊन बघा, एकदम पडतं! 'हिट'मधला ट ठोक्यासारखा वाजतो ना, तो गेला की ओळीतली हवाच गेली. चाल आधी, अर्थ नंतर बघू, असा सगळा कारभार आहे आणि म्हणूनच ते डोक्यातून जात नाही असं माझं मत.

हेडफोनवर ऐका म्हणते ते शेवटासाठी. मधे सगळं शांत होतं तिथे ती एक वेगळीच चाल गाते, आपल्याला वाटतं जरा विश्रांती चाललीये, आणि शेवटच्या कोरसला, म्हणजे धृपदाला, तीच चाल कोरसच्या वर आणून ठेवलीये, दोन ब्रिटनी एकाच वेळी दोन वेगळ्या ओळी गातायत आणि तरी कुठे गचडी नाही. मागच्या आवाजांत मॅक्स मार्टिन स्वतः पण आहे. फोनच्या स्पीकरवर यातलं निम्मं कळत नाही, बेस तर गायबच.

ड्रम मात्र आता पत्र्याचे वाटतात, त्या काळचे आहेत ते कळतं. आणि व्हिडिओ... डान्स मस्त, शाळेची आयडिया तिचीच होती, दिग्दर्शकाला आधी कार्टूनटाइप काहीतरी करायचं होतं. पण १६ वर्षांच्या मुलीला ज्या नजरेनं दाखवलंय ते आज बघताना अवघडायला होतं, मी तरी नुसतं ऐकते.

१९९८ मध्ये आलं, जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेत एक नंबरवर. मॅक्स मार्टिनचंही तिथलं हे पहिलंच एक नंबरचं गाणं, नंतर त्यानं रांगच लावली.

पाचातले साडेचार. अर्धा त्या ड्रमचा कापला.