डोंगराळ मुलुख, खराब हवा आणि मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या संगणकावर विमान उडवण्याच्या खेळाची २०२० ची आवृत्ती आली तेव्हा कौतुक झाले ते मुख्यतः तिच्या देखाव्यांचे, आणि ते रास्तही होते. परंतु ढग खाली उतरलेले असताना, वारा जोरात असताना लहान विमानाने डोंगराळ मुलुखातून केलेली सफर हीच या सिम्युलेटरची खरी परीक्षा आहे, असे माझे मत आहे. स्वच्छ उन्हात हिमशिखरांवरून उडणे आनंददायक असते, पण तेथे वैमानिकाला ठरवावे असे फारसे काही उरत नाही. पुढची खिंड ढगात गेली की पुढे जावे की मागे फिरावे हे ठरवावेच लागते, आणि तो निर्णय वेळेत घ्यायला हे सॉफ्टवेअर भाग पाडते का, एवढाच निकष मी येथे लावला आहे.

माझे उत्तर होकारार्थी आहे, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे उंचीवरच्या विरळ हवेचा हिशेब येथे प्रामाणिकपणे केलेला आहे. समुद्रसपाटीजवळ ९० नॉट (ताशी सुमारे १६७ किलोमीटर) वेगाने, ३० अंश कलून विमान उलट दिशेला वळवायचे तर सुमारे ७६० मीटर रुंदी लागते. दहा हजार फुटांवर वेगदर्शकाचा काटा तेच ९० दाखवतो, पण प्रत्यक्ष वेग १०५ नॉटच्या घरात गेलेला असतो आणि त्याच वळणाला एक किलोमीटरहून अधिक जागा लागते. टर्बोचार्जर (इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) नसलेल्या इंजिनाची शक्ती दर हजार फुटांमागे साधारण तीन टक्क्यांनी घटत असल्यामुळे चढून सुटण्याचा मार्गही तोपर्यंत जवळजवळ बंद झालेला असतो. सेसना १७२ हे चार आसनांचे लहान विमान घेऊन अरुंद होत जाणाऱ्या दरीत शिरल्यावर हे आकडे डोळ्यांसमोर उभे राहतात: विमान कलते, समोरच्या काचेत कडा आडवा सरकू लागतो आणि तो सरकण्याचा वेग अपेक्षेपेक्षा फारच कमी असतो. म्हणूनच दरीच्या मधोमध न उडता एका कडेने उडावे, म्हणजे वळायला दरीची पूर्ण रुंदी हाताशी राहते, हा जुना नियम येथे शब्दशः उपयोगी पडतो.

वाऱ्याचे काम तितकेच चांगले आहे. डोंगरावर आदळलेला वारा वाऱ्याकडच्या उतारावर विमानाला वर उचलतो आणि पलीकडच्या उतारावर खाली खेचतो. पश्चिमेचा २५ नॉटचा वारा लावून एखाद्या उत्तर-दक्षिण रांगेकडे पूर्वेकडून जावे. थ्रॉटल (इंजिनाची शक्ती वाढवणारा दांडा) पूर्ण उघडलेला, नाक वर, आणि तरीही चढ-उतार दाखवणारा काटा शून्याखाली. डोंगराची धार मात्र जवळ येतच असते. अशा धारेकडे काटकोनात न जाता ४५ अंशांच्या तिरक्या वाटेने जावे, म्हणजे विमान दाबले जाऊ लागले तर थोड्याशा वळणाने उताराकडे निसटता येते. ही पद्धत येथे वारंवार करून पाहण्यासारखी आहे. मात्र धारेमागच्या भोवऱ्यांचा खरा हिसका खुर्चीत बसून अंगाला जाणवत नाही. ही उणीव घरगुती सिम्युलेटर म्हटला की येतेच, आणि ती भरून काढायची तर काट्यांकडे नेहमीपेक्षा अधिक लक्ष द्यावे लागते.

हवामानाच्या बाबतीत माझी शिफारस स्पष्ट आहे. मेटिओब्लू या हवामानसंस्थेच्या माहितीवर चालणारे, त्या घडीचे प्रत्यक्ष हवामान लांबच्या प्रवासाला उत्तम आहे, पण एखाद्याच दरीत साचलेले धुके किंवा एकाच खिंडीत अडकलेला ढग जगभराचा अंदाज देणाऱ्या कोणत्याही प्रणालीकडून नेमका पकडला जाणे कठीण असते. म्हणून ढगांचे आणि वाऱ्याचे थर स्वतः रचावेत. ढगांचा तळ खिंडीच्या माथ्याहून थोडासाच वर ठेवावा, मधूनमधून पाऊस लावावा आणि तापमान शून्याच्या आसपास आणावे. काचेवर बर्फ धरू लागला की उंची वाढवण्याचा मोह आपोआप नाहीसा होतो. विमानाची निवडही येथे महत्त्वाची ठरते. मी विकत घेतलेल्या एका ॲड-ऑन (वेगळ्याने जोडायच्या) विमानात कार्बोरेटर, म्हणजे इंजिनात इंधन आणि हवा मिसळणारा भाग, गोठण्याची क्रिया नावापुरतीच होती, आणि अशा हवेत उडण्याचा निम्मा अर्थ त्यामुळे हरवला. खरेदीपूर्वी एवढे अवश्य तपासावे. भूप्रदेशाची माहिती इंटरनेटवरून येत असल्याने जोडणी भक्कम असावी, हे वेगळे सांगायला नको.

या आवृत्तीसाठी खास हाताने घडवलेल्या विमानतळांमध्ये ऑस्ट्रियातील इन्सब्रुक, भूतानमधील पारो आणि नेपाळमधील लुकला हे तिन्ही आहेत. आल्प्स ओलांडून येणारा दक्षिणेचा फॉन हा कोरडा, उबदार वारा अनुभवायचा असेल तर इन्सब्रुक निवडावे. पारोला वैमानिक डोंगरांमधून वळसे घेत, डोळ्यांनी खुणा पाहत उतरतात. त्यामुळे तेथे ढग खाली आणले की प्रत्येक खुणेपाशी नवा निर्णय घ्यावा लागतो. माझ्या दृष्टीने सर्वांत कसोटीचे आहे ते लुकला. ५२७ मीटरची, सुमारे १२ टक्के चढाची ही धावपट्टी समुद्रसपाटीपासून ९,३०० फुटांहून अधिक उंचीवर आहे आणि तिच्या वरच्या टोकाला डोंगरच उभा आहे. शेवटच्या टप्प्यात उतरणे रद्द करून पुन्हा फेरी मारण्याची सोय नाही. म्हणून उड्डाणापूर्वीच नकाशावर दरीतील एक जागा ठरवावी, आणि तेथे पोचेपर्यंत धावपट्टी स्वच्छ दिसली नाही तर ढगात फट दिसत असली तरी विमान मागे वळवावे.